काटा

आमच्या दुकानात दोन काटे.
एक काउंटरवर, किलो-अर्ध्या किलोचा.
दुसरा मागे, शीतघराच्या दाराशी,
अर्धा बैल टांगतात तो.
मार्चमधल्या एका सोमवारी, शटर उघडायच्या आत,
बाबा त्या मागच्या काट्याला लटकले,
आकडा दोन्ही हातांनी धरून, पाय पोटाशी घेऊन.
मी आकडे वाचले : एकशे अठरा.
"हाडासकट," म्हणाले,
पण गिऱ्हाइकाला म्हणताना हसतात तसे हसले नाहीत.

आदल्या आठवड्यात डॉक्टर पेरेइरांनी
त्यांच्या पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचली होती
आणि बाबा खिडकीबाहेर बघत विचारत होते,
"कधी टोचणार?"

अख्खं दुराज्नो त्यांना एल गोर्दो म्हणतं, म्हणजे जाड्या.
पाटीवरही तेच आहे.
वॉशिंग्टन हे नाव फक्त आई घेते, रागावली की.

तर जाड्या खाटकानं मांस सोडलं. दूध, चीज, अंडी, सगळं.
मसूर, रताळी, भोपळा,
चण्याच्या पिठाची फाइना, तव्यावर करपलेली.
पहिले तीन आठवडे घरात वाऱ्याचं राज्य होतं,
मी जुलैच्या थंडीतल्यासारखं पांघरूण घेऊन
खिडक्या सताड उघड्या ठेवून झोपले.
डोकं दुखायचं त्यांचं. सुऱ्यांवर ओरडायचे.
दुकानात मात्र हात तसाच चालायचा,
सांध्यात बरोबर, एका फटक्यात.

रविवारी निखाऱ्यापाशी तेच उभे राहायचे,
बरगड्या आवाजावरून उलटायचे,
चव घ्यायला मला बोलवायचे,
आणि कोपऱ्यात राखेत एक भोपळा, त्यांचा.
नेल्सनकाका म्हणाला, "अरे, तू गाईचा चारा खातोस!"
बाबा म्हणाले, "मधला दलाल काढला, एवढंच."

जुलैत एकशे तीन.
हाडं सोडवायच्या सुरीनं पट्ट्याला भोकं पाडली,
तिसरं, चौथं, मग पट्ट्याची जीभच लोंबायला लागली.
घोरणं थांबलं.
याचा आनंद मला झाला, आईला नाही.
ती रात्री उठून त्यांच्या नाकाशी हात धरायची.
एकदा पहाटे तीनला ती मला स्वयंपाकघरात सापडली,
जुन्या फ्रीजला पाठ टेकून, गाढ झोपलेली.
"हा घरघरतो," म्हणाली.
एकतीस वर्षांची सवय.

सप्टेंबरात बोटांना मुंग्या. चाव्या विसरायला लागले,
एकदा माझं नाव.
डॉक्टर पेरेइरा चिडल्या : गोळी लिहून दिली होती, घेतली का?
नव्हती घेतली.
आता महिन्याला बी-बाराचं इंजेक्शन.
सगळंच काही जमिनीतून उगवत नाही,
हे बाबांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं,
बाही वर करून.

मग अंगठी.
लग्नाची, कधी साबण लावूनही न निघालेली,
कधी घसरली कळलंच नाही.
दोन्या एतेल्विनांना ती कोफ्त्यात सापडली, दुसऱ्या घासाला.
धुऊन, इस्त्रीच्या रुमालात गुंडाळून घेऊन आल्या.
दाढेचं भरण निघालं होतं.
बाबांनी दातांच्या डॉक्टरचे पैसे देऊ केले,
त्यांनी चार किलो बरगड्या मागितल्या
आणि जाताना म्हणाल्या,
"तरुण दिसतोस रे, गोर्दो."
सत्तावीस किलो घालवलेल्या माणसाच्या अंगावर
तेवढ्यानं मूठभर मांस चढलं.

अंगठी आता आईच्या गळ्यात आहे, साखळीत.

काल सकाळी मागे गेले तर
बाबा शीतघरात अनवाणी उभे,
टांगलेल्या अर्ध्या बैलांच्या मधोमध,
विजार गुडघ्यापर्यंत दुमडून.
पिंढऱ्यांवरचा प्रत्येक केस ताठ.
तिसरा काटा.
"फरशी गार आहे," म्हणाले.
मी म्हटलं, शीतघरच आहे ते, बाबा.
"नाही गं. गार आहे."
पाय हलवेनात जागचे.
बाहेर कुणीतरी शटर ठोठावत होतं.